बिस्किटांच्या डब्यांतलं जग

भूकंपानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात लातुरातली गफूरसाहेबांची खोली कोचिंग क्लासला गेली. गफूरसाहेब कोर्टातले निवृत्त टंकलेखक. माणसाला आजवर कळलेलं सगळं त्या एका खोलीत मावेल, असा त्यांचा दावा होता. माहिती कार्डांवर, कार्डं बिस्किटांच्या डब्यांत आणि डबे छतापर्यंत.

कुणी प्रश्न घेऊन आलं की ते म्हणत, "बसा मियाँ. जगात असंल तर हितं हाय." मग शोध सुरू होई. बहुतेक लोक उत्तराआधीच उठून जात. पत्नी शमीमबी आतून ओरडायच्या, "आधी चष्मा कुठं ठिवला ते बघा त्या डब्यात!"

नियम एकच. आत गेलेलं कार्ड काढायचं नाही. माहिती चुकली तर नवं कार्ड मागं टाचायचं, दोन्हींवर सांगणाऱ्याचं नाव घालायचं. 'माणूस चंद्रावर गेला. — रेडिओ' या कार्डामागं 'गेला न्हाई. — हमीद न्हावी' हे कार्ड होतं.

भूकंपाच्या पहाटे सगळे डबे कोसळले. किल्लारीहून पेपरला बातमी देऊन परतताना मी डोकावलो, तेव्हा साहेब फरशीवर बसून कार्डं वेचत होते. एक त्यांनी माझ्या हातात दिलं. 'दख्खनचे पठार स्थिर. लातूरला भूकंपाची भीती नाही. — भूगोलाचे गुरुजी.' मागं टाचलेलं होतं: 'झाला. — मी स्वतः.'

"पहिलं फाडा की आता," मी म्हणालो.

"फाडलं तर आपण किती येडे होतो ते कुणाला कळंल? त्येबी ज्ञानच हाय."

पुढं घरमालकानं खोली क्लासच्या बिरादार सरांना दिली. डबे बघून सरांना मोह झाला.

"चाचा, ऱ्हावा हितंच. पगार देतो. फक्त चुकलेली कार्डं काढून टाका. पोरांना एका प्रश्नाला एकच उत्तर लागतंय."

"मग अर्धी दुनिया बाहेर जाईल, सर."

"जाऊ द्या की. परीक्षेला येत न्हाई ती."

 त्या पगाराची घराला गरज होती. आतून शमीमबींचा आवाज आला, "टेम्पो सांगा."

डबे रेणापूरला, जावयाच्या घरी गेले. गफूरसाहेब तिथंच वारले. मी भेटायला गेलो तेव्हा शमीमबींनी त्यांचं शेवटचं कार्ड दाखवलं. 'रेणापूरला भूकंप होणार नाही. — जावई.'

मागं एक कार्ड टाचून ठेवलेलं होतं. ते कोरं होतं.