वसंत काकांचा उजवा हात

पहिल्यांदा खटकलं ते अगदी एवढंसं होतं. वसंत काकांचा हात गिटारच्या तारांवरून खाली गेला तेव्हा आवाज आला. वर आला तेव्हा आलाच नाही. मी ड्रम्स वाजवता वाजवता दचकले. आता माझं दचकणं म्हणजे काही विशेष नाही. टोस्टरमधून ब्रेड वर आला तरी मी दचकते. त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

आमच्या बँडचे किस्से असेच साठत गेले. त्या त्या वेळी हसून सोडून दिलेले. आता एकामागोमाग एक आठवतात, तेव्हा हसू येईनासं होतं.

*

बँड म्हणजे काय, तर इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये सतीश काकांच्या गॅरेजात दर रविवारी सकाळी जमणारे आम्ही चौघं. सतीश काका लीड गिटार, म्हणजे टाळ्या पडतात ते सोलो त्यांचे. त्यांचा मुलगा नील बेसवर. मी ड्रम्सवर. आणि वसंत काका ऱ्हिदम गिटार, म्हणजे गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत न थांबता तेच ते कॉर्ड. वाजवायचं फक्त सुरुवातीच्या काळातलं ब्रिटिश रॉक, कारण दोघे काका कॉलेजात तेच ऐकून बिघडले!

पहिल्याच दिवशी मी घाबरून विचारलं, "मला तुमचं नीट ऐकूच नाही आलं तर?"

वसंत काका म्हणाले, "त्या ब्रिटिश पोरांना तरी कुठे ऐकू येत होतं गं? अँप्लिफायर एवढेसे, समोर किंचाळणारं पब्लिक. माझी खात्री आहे, त्यांचा ड्रमर ऱ्हिदमवाल्याच्या हाताकडे बघून वाजवत असणार. फोटोत पुढे कुणीही असो, गाडी मागचाच ओढतो. तू माझ्या हाताकडे बघ."

तेव्हापासून मी दुसरीकडे कुठे बघितलंच नाही.

*

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात साउंडवाल्याने वसंत काकांचा चॅनल चालूच केला नव्हता. अख्खा तासभर! पब्लिकला त्यांचा एक सूर ऐकू गेला नाही. आम्ही मात्र हाताकडे बघत व्यवस्थित वाजवलं.

खाली उतरल्यावर एक काकू आल्या. सतीश काकांना "काय वाजवता हो!" म्हणाल्या, मला जवळ घेतलं, आणि आपला फोन वसंत काकांच्या हातात दिला.

"भाऊ, जरा बँडबरोबर माझा एक फोटो काढता?"

काकांनी काढला. वर "सगळे हसा!" असंही म्हणाले.

*

मग वसंत काका मुलीकडे टेक्सासला, शुगर लँडला दोन आठवडे गेले. आम्ही म्हटलं, काय अडतंय? पहिल्याच गाण्यात सतीश काका सोलो घ्यायला जे सुटले ते परतच येईनात. मी कुणाच्या हाताकडे बघू? नील ओरडला, "डॅड, व्हेअर आर यू?"

"तेच शोधतोय!"

त्या दिवशी प्रॅक्टिस कॅन्सल केली.

*

शुगर लँडहून आल्यावर त्यांच्या हातातून पिक पडायला लागलं. तारा छेडायची ती प्लॅस्टिकची चकती. एका सकाळी तीनदा पडली.

"काका, डॉक्टरांना दाखवू या का?"

वसंत काकांच्या आधी सतीश काकाच बोलले, "अगं, सत्तरी उलटली त्याची. तू आधी इंटरनेट वाचणं बंद कर."

"यू वरी टू मच, यार," नील म्हणाला. मीही पुन्हा स्टिक्स उचलल्या. मला सगळ्याचीच भीती वाटते, तर हीच खरी कशावरून?

*

पुढच्या रविवारी सतीश काका माझ्या कानाशी आले. "त्याचा आवाज कमी कर. लेट येतोय."

सगळ्यांचा आवाज कमीजास्त करायचा मिक्सर माझ्या शेजारीच असतो. मी नॉब फिरवला. फिरवला मीच.

ब्रेकमध्ये वसंत काका हळूच म्हणाले, "बरं केलंस. मलाही ऐकवत नव्हतं." चहाचा कप त्यांनी डाव्या हातात धरला होता.

*

गेल्या रविवारी ते आलेच नाहीत. बायको वारल्यापासून ते एकटेच राहतात. मी तीनदा फोन केला.

"झोपला असेल. चला, सुरू करू," सतीश काका म्हणाले.

मी स्टिक्स खाली ठेवल्या आणि गाडी काढली.

त्यांची गाडी ड्राइव्हवेत उभी होती. बेल वाजवली. काही नाही. मग पुन्हा फोन लावला, आणि दारापलीकडे तो वाजताना मला ऐकू आला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. ॲम्ब्युलन्स बोलवावी, तर काका अंघोळीला गेले असले म्हणजे? दाराची मूठ फिरवून बघायचं मला सुचलंच नाही. अजून एकदाच, म्हणत पुन्हा लावला.

आतली रिंग मध्येच थांबली.

नुसता श्वास ऐकू आला. मग काकांचा आवाज, शब्द एकमेकांत अडकलेले.

"दार उघडंच आहे गं... मला जमिनीवरून उठताच येईना... तुम्ही सुरू करा. मी येतोच."