कारभाऱ्यांच्या कपाळावरचं गंध

रिक्षावाल्याने गलीच्या तोंडाशीच उतरवलं. "आगे पैदल, अम्मा." पहिल्यांदा बनारसला आले तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. कलेच्या इतिहासाची ताजी पदवी आणि गळ्यात भिंग. तेव्हा कुणी अम्मा म्हटलं असतं तर रिक्षातून उतरलेच नसते.

गलीत एका सांडाने माझी भाकरवडीची पिशवी हुंगली आणि नापसंत केली. बालाजी घाटावर कमलताईचं, माझ्या मामेबहिणीचं सासर. दारातच कुल्हडमधून (मातीच्या पेल्यातून) चहा आला, कचौडी आली आणि भांडणही आलं.

भांडण एका चित्रावरून. या घराचे मूळपुरुष, पेशव्यांचे कारभारी, हातभर कागदावर रंगवलेले. एरवी पेटीत असतात. श्राद्धाला बाहेर निघतात आणि घरची थोरली सून त्यांच्या कपाळाला ओलं गंध लावते. पिढ्यान्‌पिढ्या. कपाळावर आता पिवळं ढेकूळ झालंय.

ताईचा दिनू ओला कापूस घेऊनच उभा. "मावशी, उद्या श्राद्धाला सगळे येणार. साफ करून टाकतो, बस. चेहरा तरी दिसेल!"

"हात तर लाव!" ताई कडाडली. "गंधाशिवाय ते पानावर बसायचे नाहीत. आणि ते पिवळं चित्रकाराचंच आहे, असं या शालूनेच तेव्हा सांगितलंय."

सांगितलं होतं खरं मी. पहिल्या खेपेला, याच माजघरात, तासभर. पिवळा गोळा म्हणजे काशीचा उगवता सूर्य, हातातला गुलाब म्हणजे क्षणभंगुरता, एका बाजूने काढलेला चेहरा म्हणजे संसाराकडून फिरवलेलं तोंड! त्या काळी झाडून सगळ्यांचे चेहरे एका बाजूनेच काढत आणि रिकाम्या हाताचं करायचं काय म्हणून त्यात फूल देत, हे मला ठाऊक होतं. पण तेवढ्यावर तास कसा निघणार?

"गंध आहे, असं तेव्हा कुणी बोललं का नाही?"

"सासूबाई म्हणाल्या, पाहुणी रंगलीये, बोलू दे."

या खेपेला मी आधी भिंगातून पाहिलं. भुवईचा केस न्‌ केस सुटा. मलमलीच्या अंगरख्यावर पांढऱ्याचा इतका पातळ हात, की आतला दंड दिसावा. रंग सगळे डिंकात कालवलेले, म्हणजे पाण्याने सुटणारे. गंधाकडचं भुवईचं टोक केव्हाच वाहून गेलेलं.

"दिनू, कापूस फिरवलास तर गंधाबरोबर कपाळही येईल." ताई विजयाने हसली. "आणि ताई, तू ओलं बोट लावलंस तर उरलेली भुवई जाईल. मग डोळा."

ताईचं हसू गेलं. "मग उद्या त्यांनी उपाशी परत जायचं?"

भिंतीवर भाऊजींचा फोटो होता, काचेवर वाळलेलं गंध. "यांना काचेवरच लावतेस ना?"

"तुझे भाऊजी गरीब होते बिचारे, कुठेही लावलं तरी जेवायचे. हे कारभारी आहेत."

तरी दिनू संध्याकाळी चौकट घेऊन आला. काच रंगाला टेकणार नाही, एवढी मध्ये जागा ठेवून आम्ही चित्र बसवलं.

सकाळी ताईने श्वास रोखून काचेवर बोट टेकवलं, पान वाढलं आणि पाटाशेजारी बसून राहिली. पाहुणे ताटकळले. दिनू घड्याळ बघू लागला. बऱ्याच वेळाने ती उठली.

"जेवले."

"कशावरून?"

"चेहरा बघ ना! एवढी शिकलीस ती कशाला?"

मी पाहिला. काही कळलं नाही.

परतीच्या गाडीत मोबाइलमधला फोटो मोठा करकरून पाहिला. जेवल्यासारखे दिसतात खरे.