राहीबाईचा जिता दिवा

राहीबाईला कुठल्याही गोष्टीची पारख करायला डोळे लागत नसत, हाताचा तळवा लागे. तवा तापला का, पोराला कणकण आहे का, भिंतीत ओल उतरली का, सगळं ती तळव्यानं ठरवायची. थंडीत मेंढी व्याली की नव्या कोकराच्या तोंडात आधी बोट घालायची. तोंड गरम लागलं तर कोकरू जगणार. गार लागलं तर उचलायचं आणि शेकोटीपाशी न्यायचं, बाकीची कामं मागून. माण तालुक्याच्या उघड्या, कोरड्या माळावर नवऱ्याच्या जोडीनं मेंढरं वळण्यात तिचं आयुष्य गेलं होतं आणि या परीक्षेत ती कधी चुकली नव्हती. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू याच परीक्षेला बसवावी असं तिचं मत झालं होतं. मत कसलं, कायदाच.

नवरा धुळा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो गेल्यावर तिनं मेंढरं विकली आणि दारात एकच मेंढी ठेवली, तीही कुणाशी तरी बोलायला असावं म्हणून. एकुलता एक मुलगा विश्वजित साताऱ्याला एमआयडीसीतल्या कारखान्यात होता. त्यानं शहराच्या कडेला घर बांधलं आणि आईच्या मागं टुमणं लावलं, "आये, आता हितंच ऱ्हा."

"वास्तुशांतीला येते," राहीबाई म्हणायची. "पाव्हनी म्हनून येते नि पाव्हनी म्हनून जाते."

खरं तर एकटीनं राहायचा तिला वीट आला होता. पण मुलाच्या घरी कामाधामाशिवाय कोपऱ्यात पडून राहायची तिला त्याहून जास्त धास्ती वाटायची, आणि धास्ती वाटते हे कबूल करण्यापेक्षा तिनं सारा माळ झाडून काढला असता.

विश्वजित काही कमी नव्हता. घरातली एखादी तरी गोष्ट आईच्या मर्जीनं करायची, म्हणजे घर तिला आपलं वाटेल, असा त्यानं बेत केला. पण फरशी बसली होती, रंग झाला होता. उरले होते फक्त हॉलच्या छतातले दिवे. पीओपीला गोल भोकं पाडून तयार होती आणि त्यांत हॅलोजन बसवायचे की एलईडी, यावरून नवराबायकोत धुसफूस चालली होती. विश्वजितला हॅलोजन हवे होते, कारण एका हॉटेलात त्यानं तो पिवळा उजेड पाहिला होता आणि त्या उजेडात त्याला जेवण फार चांगलं लागलं होतं.

"पिवळाच हवा तर पिवळा एलईडीसुद्धा मिळतो," त्याची बायको समीक्षा म्हणाली. "आणि तिथं जेवण आचाऱ्यामुळं चांगलं लागलं, दिव्यामुळं नाही."

शेवटी विश्वजित म्हणाला, "आयेलाच विचारू." समीक्षानं कपाळाला हात लावला.

दिवे बघायला म्हणून विश्वजितनं आईला साताऱ्याला बोलावून आणलं. वायरमन नानासोनं छताला नमुन्यादाखल एक हॅलोजन आणि एक एलईडी लावून दाखवला. राहीबाई कमरेवर हात ठेवून खाली उभी राहिली. ही सगळी आपल्याला अडकवायची युक्ती आहे हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. आज दिवे निवडायला लावतील, उद्या पडदे, आणि परवा म्हणतील ऱ्हा. पण आपल्याला कुणी काही विचारतंय याचं बरंही वाटत होतं.

"मावशी, नीट ऐका," नानासो म्हणाला. "ह्यो हॅलोजन. उजेड झकास, पन तापतो लय, वीज खातो नि लौकर उडतो. आन् ह्यो एलईडी. वीज कमी खातो, वर्सानुवर्सं बघाय नको, नि एकदम गार ऱ्हातो."

"गार?" राहीबाईनं विचारलं. "पेटल्यावरबी?"

"पेटल्यावरबी!" नानासो अभिमानानं म्हणाला. बिचारा आपण एलईडीची तारीफ करतोय अशाच समजुतीत होता.

राहीबाईनं पदर खोचला आणि कुणी आडवं यायच्या आत ती शिडीवर चढली. एलईडीखाली तिनं तळवा धरला. हात उलटा केला, सुलटा केला, थोडी वाट पाहिली. मग मान हलवून म्हणाली, "ह्यात जीव न्हाई रं." आणि नानासो ओरडतोय तोवर तिनं हॅलोजनला हात घातला.

खाली उतरली तेव्हा बोटावर टरारून फोड आला होता आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "ह्यो जिता हाय," ती म्हणाली. "ह्योच लावा."

"आवं मावशी, भाजलं की तुमास्नी!"

"मग? जित्याला हात लावल्यावर कळाय नगं व्हय?"

"आत्या," समीक्षा शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाली. ती सासूला आत्याच म्हणायची. "आपल्याला घरात उजेड हवाय. शेगडी नकोय."

"सांच्याला घरात लावायचा दिवा, नि त्यो गारठलेला? त्यापरीस अंधारात बसू की."

विश्वजितला हॅलोजनही मिळाले आणि आईही खूश झाली, म्हणून तो शीळ घालत फिरू लागला. समीक्षानं नमुन्याचा एलईडी नानासोच्या हातात परत ठेवला. पुढं बरेच दिवस घरात भांडी जरा जोरातच आदळत होती.

वास्तुशांत ठरली ऐन वैशाखात. मंडळी जेवायला हॉलमध्ये बसली आणि राहीबाईनं सगळ्यांच्या देखत बटणं दाबून सगळेच्या सगळे दिवे लावले. भर दुपारी. आपण निवडलेले दिवे पाहुण्यांनी बघायला नकोत का?

थोड्याच वेळात पंख्यांचा वारा गरम झाला. पानातलं श्रीखंड पातळ होऊन वाहू लागलं, तेव्हा लोकांनी सरळ वाट्या मागितल्या. सर्वांत वाईट गत झाली शेजारच्या हंबीररावांची. ते फौजेतले निवृत्त सुभेदार, बरोबर एका दिव्याच्या खाली बसलेले, आणि समारंभासाठी त्यांनी सकाळीच मिशांना कलप लावला होता. कलप घामाबरोबर सुटला आणि ओठांवरून, हनुवटीवरून पांढऱ्या शुभ्र सदऱ्यावर उतरला. पण दिलेली जागा सोडतील तर ते सुभेदार कसले! ताठ बसून त्यांनी जेवण संपवलं आणि उठताना एवढंच म्हणाले, "राजस्थानच्या बॉर्डरवर होतो मी, ताई. तिथं निदान सावली मिळायची."

सगळा हॉल खो खो हसला. विश्वजितसुद्धा हसला. समीक्षा हसली नाही, पण हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं." हे तिनं बोलायला नको होतं. नंतर तिलाही तसंच वाटलं, पण तोवर राहीबाईनं पिशवी भरली होती.

"माजी पारख चुकली म्हना की! लावा तुमचं गार दिवं नि बसा गार पडून. ह्या घरात मी आता पाऊल टाकनार न्हाई."

विश्वजित स्टँडपर्यंत विनवण्या करत गेला. राहीबाई गावाकडच्या, दहिवडीच्या गाडीत खिडकीपाशी बसली आणि तिनं मुद्दाम दुसऱ्या बाजूला तोंड केलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

पुढं दिवाळी आली. विश्वजितनं फोन केला. राहीबाईनं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "दिवं बदाललं का रं?"

"बदाललं, आये. हॉलात समदं एलईडी बसवलं."

"लय बेस केलंस," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिला साताऱ्याला जायचं होतं. पण पाऊल न टाकायचा शब्द तिनंच तोंडातून काढला होता, आणि तो मोडायला दुसरं कुणी येणार नव्हतं.

थंडी कडाक्याची पडली आणि तिची मेंढी व्याली. कोकरू जगात आलं आणि मेंढी गेली. राहीबाई रडली, अगदी मोकळेपणानं रडली, कारण आता बोलायलाही कुणी उरलं नव्हतं. मग तिनं कोकराच्या तोंडात बोट घातलं. गार लागलं. एरवी तिनं चुलीत लाकडं सारली असती. त्या दिवशी तिनं कोकराला पोटाशी धरलं, वरून घोंगडं लपेटलं आणि सरळ एसटी गाठली.

"मावशी, काय हाय त्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"नातू हाय."

घोंगड्यातून आवाज आला, बें.

"पडसं झालंय त्येला," राहीबाई म्हणाली.

दार समीक्षानं उघडलं. राहीबाई उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. "मी आले न्हाई," तिनं आधीच सांगून टाकलं. "ह्यो आलाय. ह्येला ऊब पायजे. एखांदा जिता दिवा ऱ्हायलाय का बग."

विश्वजितची सुट्टी होती. तो मागून आला. "आये, घरी चूल न्हाई व्हय?"

"लाकडं ओली हायती."

"माणात? थंडीच्या दिसांत ओली लाकडं?"

"तुम्ही जरा गप्प बसा हो," समीक्षा म्हणाली.

राहीबाईनं उंबऱ्यावरूनच छताकडं पाहिलं. ओळीनं सगळे एलईडी होते. एवढ्या लांब कशाला आलो, असं तिला झालं. पण समीक्षानं तिच्या हातातलं घोंगडं कोकरासकट उचललं आणि ती मागच्या खोलीकडं चालू लागली. "या आत्या," तिनं वळून न बघताच म्हटलं. कोकरू पुढं गेल्यावर राहीबाईला मागं जाणं भागच होतं. अशा रीतीनं तिचं पाऊल घरात पडलं, आणि शब्दाची आठवण कुणी काढली नाही.

मागच्या खोलीत खाट होती, भिंतीला खुंटी होती, आणि छतात एकच दिवा होता. समीक्षानं बटण दाबलं. पिवळा उजेड पडला.

"हॉलमधले काढत होते तेव्हा मी नानासोंना म्हटलं, एक इकडं बसवा. आत्यांच्या खोलीत." समीक्षा खाटेवरची चादर उगाच सारखी करत होती. "तुम्हाला गार दिवा चालत नाही ना."

राहीबाईनं मान वर करून दिव्याकडं पाहिलं, पदरानं नाक पुसलं आणि ती ओरडली, "उभी काय ऱ्हायलीस? दूध कोमट कर!"

दिवा वर आणि कोकरू खाली, तिथवर ऊब येईना. मग खाट दिव्याखाली ओढली, खाटेवर टीपॉय, टीपॉयवर स्टूल आणि स्टुलावर कोकरू ठेवलेली वेताची पाटी. विश्वजित खालून स्टूल दोन्ही हातांनी उचलून धरत उभा राहिला आणि राहीबाई खाटेवर चढून तळव्यानं अंतर ठरवू लागली. "आनी वर. जरा खाली. आँ, आता बरूबर. हात भाजाय नगं, नुसता सुखावला पायजे."

"आये, माजं हात भरून आलं."

"मग मोठा कशाला झालास?"

दिवेलागणीला कोकरानं मान वर केली आणि खणखणीत आवाज दिला. कुंपणापलीकडून हंबीररावांनी डोकावून विचारलं, "कोण आलंय?" मिशा आता त्यांनी पांढऱ्याच ठेवल्या होत्या.

"आमच्या आत्या आल्यात," समीक्षानं ओरडून सांगितलं. पाव्हनी म्हणून की कशा, ते तिनं सांगितलं नाही.

सकाळी राहीबाई पाटी मांडीवर घेऊन बसली होती. कोकरू पाटीतून बाहेर पडायची धडपड करत होतं. समीक्षा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "आत्या, याला किती दिवस ठेवावं लागेल?"

"अंगात ऊब धरंस्तवर," राहीबाई म्हणाली. "मग आमी जाऊ."

तिनं कोकराच्या तोंडात बोट घातलं. ते गरम होतं, चांगलं कढत होतं, आणि कोकरू ते बोट लुचायला लागलं. राहीबाईनं बोट काढून पदराला पुसलं.

"गारच हाय आजून," ती जमिनीकडं बघत म्हणाली.

समीक्षानं चहा खाली ठेवला आणि स्वतःचं बोट कोकराच्या तोंडात घातलं. कोकरानं तेही ओढून ओढून चोखलं. तिनं सासूकडं पाहिलं. सासू अजून जमिनीकडंच बघत होती.

"हो की," समीक्षा म्हणाली. "फारच गार आहे हो. पुष्कळ दिवस लागतील याला."