चार मिनिटं पुढे

नवरा झाकीर वारल्यावर त्याची नोकरी मासूमाला मिळाली. त्याचं मनगटी घड्याळ तिने आपणहून घेतलं. ते तिच्या हातात सैल फिरायचं.

खालापूरच्या त्या लहानशा प्रयोगशाळेतल्या यंत्रात प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त वायू, क्षणभर पेटून विझतो. आत डोकावायची सोय नाही, म्हणून यंत्राला लागून धातूच्या चकत्या ठेवतात. न्यूट्रॉनांचा मारा बसला की त्या किरणोत्सारी होतात आणि आग विझल्यावरही गॅमा किरण सोडत राहतात. मासूमा चकती शिशाच्या विटांमागच्या मापकावर ठेवायची, मनगटाकडे बघून वहीत वेळ लिहायची आणि मोजणी सुरू करायची.

सोन्याच्या चकतीचे किरण निम्म्यावर यायला पावणेतीन दिवस लागतात, ॲल्युमिनियमचे साडेनऊ मिनिटांत येतात. मधे गेलेला वेळ धरून मूळचा मारा काढायचा. दोन्ही चकत्यांनी एकच आकडा सांगायला हवा. ॲल्युमिनियम मात्र एक तृतीयांशाने जास्त सांगायचं.

"झाकीरभाईंच्या वेळीही हेच," प्रयोग चालवणाऱ्या सुरभी मॅडम म्हणाल्या. "ते गेल्यावर तुम्ही येईपर्यंत चार महिने आपल्या मदतनीस नागूने मोजलं, तर बरोबर आलं. भाभी, त्यांचं भूत शिरलंय की काय हो यात?" आणि त्यांनी जीभ चावली.

तेव्हापासून मोजणीच्या खोलीत मासूमा पाठ भिंतीला लावून बसू लागली.

एका दुपारी चकती ठेवताना तिची नजर यंत्राच्या पडद्यावर गेली. तिथे तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती, मनगटावर तीन वाजून पंधरा. तिने पेन खाली ठेवलं. कर्जतहून खोपोलीची गाडी चुकली की पुढचीची वाट बघत बसावं लागतं. म्हणून दहिवलीच्या घरातली सगळी घड्याळं झाकीर चार मिनिटं पुढे ठेवायचा. "थोडा वेळ गाठीला असू दे गं," म्हणायचा. प्लाझ्मा पेटल्याची वेळ यंत्र लिहायचं, मोजणीची वेळ त्याचं मनगट. मधल्या वेळेत चार मिनिटं जास्त धरली जायची; सोन्याला त्याने फरक पडत नव्हता, ॲल्युमिनियमला पडायचा.

सांगितलं, तर त्याची सात वर्षांची मोजणी चुकीची ठरणार होती. नाही सांगितलं, तर तो असाच खोलीत राहणार होता.

"हे घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. ह्यांची नि माझी प्रत्येक नोंद तेवढी मागे घ्या, मॅडम."

"घड्याळाची चूक म्हणून लिहू?"

"नाही. ह्यांचीच लिहा. घड्याळ बिचारं लावाल तसं चालतं."

दोन्ही चकत्या एक बोलू लागल्या. खोली नुसती खोली झाली. तेच तिला सोसेना.

आता ती घड्याळ दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवून आत जाते आणि वेळ यंत्राच्या पडद्यावरून लिहिते. घड्याळातली वेळ मात्र तिने बदललेली नाही. संध्याकाळी खोपोली स्टेशनवर चार मिनिटं आधी पोचते आणि बाकावर एका कडेला बसते, शेजारी एका माणसाची जागा सोडून.