भिंतीपलीकडची शीळ

“तोरिनोला आमच्या खालच्या मजल्यावरची जागा तुमच्यासाठी बघून ठेवलीय, आणि तू म्हणतेस विचार करू. किती विचार करणार आहेस, आई?”

“तुझ्या तोरिनोला समुद्र आहे का?”

“नदी आहे.”

“नदी काय, गावोगाव असते,” नेरिना म्हणाली आणि खडीवर पसरलेला टॉवेल उगाच उलटा करून पुन्हा पसरला.

“बाबा परवा फोनवर मला ताई म्हणाले. दोनदा.” फुल्वियानं आवाज खाली आणला. “तेसुद्धा गावोगाव असतं म्हणशील?”

“थट्टा केली असेल. जन्मभर दुसरं काय केलंय त्यानं?”

हे खरं होतं आणि म्हणूनच पंचाईत होती. नेरिनाचा नवरा लिव्हिओ खाडीपलीकडच्या मुज्जाला जाणारी बोट चालवायचा, तेव्हा उतारूंना सांगायचा, “आज रस्ता आठवत नाहीये, कुणाला माहीत असला तर पुढे या.” लोक हसायचे. आता कधीकधी तो घरातच न्हाणीघर शोधत उभा राहायचा आणि नेरिना हसायची. सवयीनं आधी हसू यायचं, मग ती त्याला दंडाला धरून दारापर्यंत न्यायची.

फुल्विया, तिचा नवरा ग्वाल्तिएरो आणि लेक जिनेव्रा कालच आले होते. जावयानं त्रिएस्ते कधी पाहिलं नव्हतं, म्हणून सकाळपासून शहर दाखवणं चाललं होतं. समुद्राकडे तोंड केलेला मोठा चौक झाला, लांब दगडी धक्का झाला, उभ्याउभ्या कॉफी झाली. नेरिनानं लिव्हिओचा दंड एकदाही सोडला नव्हता. “या वयातही काय जोडी आहे,” म्हणत जावयानं त्यांचा फोटो काढला. आजचा एक दिवस लिव्हिओ धड राहिला, की त्या खालच्या मजल्याचा विषय मिटला, एवढंच नेरिनाच्या मनात होतं.

दुपारी सगळे दीपगृहाजवळच्या किनाऱ्यावर आले. या किनाऱ्याच्या मधोमध पांढरी भिंत आहे, थेट पाण्यात उतरलेली. अलीकडे बायका आणि लहान मुलं, पलीकडे पुरुष.

“म्हणजे सहलीला येऊन वेगवेगळं बसायचं?” ग्वाल्तिएरोनं फाटकाशी विचारलं.

“सहल आहे म्हणूनच, जावईबापू. एरवी आहेच की तोंडासमोर.”

आणि तिथंच तिनं लिव्हिओचा दंड सोडला. विचारसुद्धा केला नाही. त्या फाटकाशी हात सुटतोच, लग्न झालं तेव्हापासून सुटत आलेला.

जेवायची वेळ झाली की भिंतीपलीकडून लिव्हिओची शीळ यायची. एक लांब, एक आखूड, बोटीच्या भोंग्यासारखी. मागोमाग आवाज यायचा, “एक दिवस त्या बाजूला येतो बघा सगळ्यांना भेटायला.” बायका ओरडायच्या, “ये, ये, वेणी घालून पाठवतो तुला.” वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कुणाला कंटाळा येत नव्हता.

आज ऊन कलायला लागलं तरी शीळ आली नाही. आला तो जावयाचा आवाज.

“सासूबाई? बाबा तुमच्याकडे आहेत का?”

“आमच्याकडे कसे असतील?”

“ते आत आलेच नाहीत. मला वाटलं, तुमच्यासोबत गेले.”

“पुरुषमाणूस आमच्यासोबत कशाला येईल?”

“बायको आहात ना तुम्ही त्यांची,” जावई गोंधळून म्हणाला.

आसपासच्या बायका उठून बसल्या. शेजारची ब्रुना म्हणाली, धक्क्यावर गेला असेल. दुसरी म्हणाली, घरी जाऊन झोपला असेल, माझाही असंच करतो. फुल्विया फक्त आईकडे बघत राहिली. ती नजर चुकवत नेरिना अनवाणीच फाटकाकडे धावली.

तिकिटाच्या खिडकीतला उच्चो तिला बघून हसायला लागला. “शेवटी केलंनच की पठ्ठ्यानं.”

“काय केलं?”

“तुमच्या बाजूला घुसला. इतकी वर्षं धमकी देत होता. म्हटलं, पाहुण्यांसमोर हौस भागवून घेऊ दे बापड्याला. का, भेटला नाही?”

नेरिना परत वळली. कान भिंतीला लावून बसली होती ती, पाठीमागे बघितलंच नव्हतं. किनाऱ्याच्या पार टोकाला, लहान मुलांच्या घोळक्यात लिव्हिओ बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. जिनेव्राच्या बादलीत तो एकेक खडा निवडून टाकत होता. भोवती बायका टाळ्या पिटत होत्या आणि या टाळ्या कशाच्या, ते कळत नसल्यासारखा तो एकेकीकडे बघत होता.

“लिव्हिओ, इथं काय करतोयस?”

त्यानं वर पाहिलं. “बसलोय. मला अजून बारा कुठं झालीत?”

बाराव्या वर्षापर्यंत मुलगे आईबरोबर याच बाजूला येतात. बायकांमध्ये हशा पिकला. ब्रुनानं तर डोळे पुसले. लिव्हिओही हसला, पण सगळ्यांच्या जरा मागून. नेरिना त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. डोळा मारला का त्यानं? की ऊन लागलं डोळ्यावर? या तोंडावरची प्रत्येक सुरकुती तिच्या ओळखीची होती, आणि आज तिला एकही वाचता येईना. हसावं, तर कशाला हसतोय ते कळत नव्हतं. न हसावं, तर इतक्या वर्षांत जमलेली त्याची सगळ्यात मोठी थट्टा वाया जात होती.

“आजोबांनी मला नाव विचारलं,” जिनेव्रा म्हणाली. “मी सांगितलं. छान आहे म्हणाले.”

फुल्विया कधी मागे येऊन उभी राहिली, कुणाला कळलं नाही. तिचा आवाज बारीक झाला होता. “आई, थट्टा करतायत ना बाबा? तूच म्हणालीस ना मघाशी?”

नेरिना खाली बसली. लिव्हिओच्या पँटची दुमड तिनं सोडवली, आधी एक पाय, मग दुसरा. पायाला चिकटलेली खडी झाडली.

“आई, सांग ना. मला एकदा सांग.”

लिव्हिओनं मुठीतला खडा बादलीत टाकला आणि हात पुढे केला. नेरिनानं तो धरला. टॉवेल, पिशवी, चपला, सगळं तिथंच राहिलं. बायका अजून हसत होत्या, वाट करून देत होत्या. फाटकाशी आल्यावर उच्चो काहीतरी म्हणाला, तिकडेही तिनं पाहिलं नाही. लिव्हिओचा हात घट्ट धरून ती बाहेर पडली.