तव्यावरचे तीन ठोके

आधीच सांगतो... भूतखेत, भानामती, अंगात येणं, मी यातलं काहीएक मानत नाही. गल्लीत कुणाला झपाटलं म्हणून गर्दी जमली की मी दुकानातूनच ओरडायचो, "अरे आधी बीपी बघा तिचा!" चाळीस वर्षं रेडिओ, टेप, अँप्लिफायर उघडून बसलोय. आवाज आला म्हणजे कुठून तरी करंट गेला, एवढंच मला ठाऊक. म्हणून हे लिहायला सहा महिने लावले. हसायचं त्यांनी खुशाल हसा, मीही हसलो असतो.

मी भुजंग. हिंगोली जिल्ह्यातलं डोंगरकडा माझं गाव. घर रोडला लागून, पुढची खोली म्हणजे दुकान. मी टेबलापाशी बसलो की डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार येतं, जेमतेम सहा पावलांवर. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा डावा कान ठार बंद आहे. तरुणपणी लग्नमंडपात भोंगे लावायचो, त्यात तो गेला. एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. बायकोनं, कौसानं, हाक मारली की मी रस्त्याकडे बघायचो, वर बघायचो. ती खो खो हसायची. "आवो, हिकडं! माळवदावर चढून बसले का मी?"

आता एका कानाच्या माणसानं स्टिरिओ कसा जुळवावा? डावा-उजवा सारखा वाजतो का, हे मला कळायचंच नाही. ते कौसा सांगायची. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण कान असा की भले भले मेकॅनिक झक मारतील. ती भाकरी थापत असायची, हात पिठात. उठून यायला वेळ कुठला? मग आमचं ठरलेलं होतं. उलथन्याचा तव्यावर एक ठोका म्हणजे डावा वाढवा. दोन म्हणजे उजवा. आणि एका स्पीकरची वायर उलटी लागली असेल तर ती उलथनं तव्यावर खर्रर्र करून घासायची. वायर उलटी लागली की दोन्ही स्पीकर वाजतात, पण गाणाऱ्याचा आवाज मधून हरवतो, पोकळ होतो. तिला ते फेज-बीज काही माहीत नव्हतं. ती म्हणायची, "गाणारा मधून उठून गेला बघा."

आणि तीन ठोके म्हणजे बराबर झालं, हात धुवा, जेवायला या.

तीन वर्षांमागं ती गेली. ताप काय आला, चार दिवसांत खेळ खलास. पोरगा पुण्याला, तो म्हणाला, "बाबा, चला तिकडं." गेलो नाही. तिथं करू काय? इथं निदान सोल्डरचा वास तरी आहे. घर खायला उठतं म्हणतात, ते खरं आहे हो. तवा मी खिळ्याला टांगून ठेवला, खानावळीचा डबा लावला, आणि स्टिरिओचं काम बंद केलं. कुणी आणलंच तर सांगायचो, एकाच स्पीकरचा, मोनो असेल तर ठेवा, नाहीतर न्या नांदेडला.

मग औंढ्याच्या अलीकडच्या तांड्यावरचे राठोड सर आले, रिटायर्ड मास्तर. टेम्पोत त्यांच्या वडिलांचा रेडिओग्राम. वर झाकण, झाकणाखाली तबकडी, दोन्ही टोकांना स्पीकर, सगळं सागवानी. कपाटाएवढं धूड!

"भुजंगभाऊ, हे तुमीच करायचं."

"स्टिरिओ सोडला मी, सर."

"काहून?"

"एकच कान हाय मला."

"तो तर पयल्यापासून एकच हाय की!" सर म्हणाले.

दुसरा कान तीन वर्षांमागं गेला, हे मला सांगता येईना. सर दुसरीकडे जायला तयार नव्हते. आणि खोटं कशाला बोलू, मलाही बघायचं होतं. तिच्यावाचून मला हे जमतं का, की मी निव्वळ हात होतो आणि कारागीर तीच होती?

महिनाभर बसलो. कंडेन्सर बदलले, तबकडीचं रबरी चाक बदललं, नवी सुई मागवली. स्पीकरचे कागद उंदरांनी खाल्लेले, ते दुरुस्त होण्यातले नव्हते. म्हणून नवे, चांगले दणकट स्पीकर आणले. प्लायवूडच्या चकत्या कापून जुन्या भोकांत बसवले. आतल्या जुन्या वायरी सगळ्या एकाच मळक्या रंगाच्या झालेल्या. खरं तर अशा वेळी सेल टेकवून स्पीकरचा कागद पुढं येतो की मागं जातो, हे बघायचं असतं, त्यावरून वायर सुलटी की उलटी ते कळतं. पोरासोरांना मीच शिकवलंय ते. मी बघितलं नाही. घाई झाली होती मला.

दिवस गुरुवारचा, दुपारचे बारा वाजून गेलेले. अमावस्या नाही, अंधार नाही, बाहेर रोडवर हळदीच्या गाड्या चाललेल्या. सरांनी दिलेली अभंगाची तबकडी लावली. मीटर लावला – डावा-उजवा सारखा. म्हटलं झालं, भुजंगा, जमलं तुला. पण जीव काही हलका होईना. मी उजवा कान पेटीच्या लाकडाला टेकवून बसलो.

आणि खर्रर्र...

लोखंडावर लोखंड. भास म्हणून सोडून दिलं. सुई घासली असेल म्हणून सुई उचलली. तबकडी फिरतेय, गाणं बंद, आणि परत तेच, खर्रर्र. लांबलचक, चिडून केल्यासारखं. माझा चालता उजवा कान पेटीला दाबलेला, आणि आवाज डावीकडून आला. स्वयंपाकघरातून! ध्यानात घ्या, आवाज कुठून येतो हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नव्हतं. त्या दिवशी मी मान बरोबर दाराकडे वळवली.

भीती? न्हाई वाटली. अंगावर काटा आला, पण भीती नाही. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बघतो गं, बघतो." पेटीची मागची फळी काढली. डाव्या स्पीकरची वायर उलटी.

सोल्डर दोनदा सांडलं. वायर सुलटी केली, सुई ठेवली. आणि मग मला मधोमध गाणारा ऐकू आला. डावीकडे टाळ, उजवीकडे हार्मोनियम, आणि बरोबर मध्ये, समोर बसल्यासारखा, माणूस गातोय. दोन कानांच्या माणसांना हे रोजचंच, मी मात्र विसरून गेलो होतो. मी रडलो. लाज कशाची त्यात?

अभंग संपत आला तेव्हा तव्यावर तीन ठोके पडले. सावकाश, मोजून.

यापुढचं लिहायला जड जातंय. मी उठलो, मोरीत जाऊन हात धुतले, आत गेलो आणि पाटावर बसलो. मांडी घालून बसल्यावर ध्यानात आलं की समोर ताट नाही. चूल कधीची गार. तवा खिळ्यालाच होता, वर तीन वर्षांची धूळ, एक रेघसुद्धा उमटलेली नाही. "कौसा," अशी हाक मारून बघितली. काहीच नाही. बाहेर तबकडी संपून सुई नुसती खसखसत होती, आणि तो आवाज कुठून येतोय हे मला परत कळत नव्हतं.

संध्याकाळी राठोड सर आले. डोळे मिटून ऐकत बसले. म्हणाले, "भाऊ, कोण म्हणतो तुमाला एक कान हाय?"

पुढच्या आठवड्यात नांदेडला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. कानावर मशीन लावून तपासलं. डावा कान शून्य. "काका, या कानानं काही ऐकू येणं शक्य नाही," म्हणाला. मी त्याला झालेलं सांगितलं, तर एकटेपणात असं होतं म्हणाला. असेल. पण एकटेपणाला वायर उलटी लागलीय हे कसं कळलं? मला नव्हतं कळलं, मीटरला नव्हतं कळलं.

आता मी स्टिरिओचं काम परत घेतो. लोक म्हणतात, भुजंगभाऊ सुधारला. खरी गोष्ट पोरालाही सांगितलेली नाही, ती इथं सांगतो. तवा घासून चुलीवर ठेवलाय, उलथनं त्याच्या शेजारी. आणि जो सेट येतो त्याची डाव्या स्पीकरची वायर मी आधी मुद्दाम उलटी लावतो. गाणं लावतो आणि दाराकडे डावा कान करून बसतो. गाणारा मधून उठून गेलेला असतो.

तबकडीची एक बाजू संपेपर्यंत वाट बघतो. मग वायर सुलटी करतो, आणि हात धुतो.