एका मोबाईलवर एक रुग्ण

माझं काम काय, हे सांगायला गेलं की पहिली पाच मिनिटं वायाच जातात. वेबसाइट बनवतेस का? नाही, ती दुसरी माणसं बनवतात. मग त्यात चित्रं काढतेस? तेही नाही. वेबसाइट उघडणाऱ्याला कुठे बोट ठेवायचं ते कुणाला न विचारता कळावं, एवढं मी बघते. "म्हणजे तसं विशेष काही नाही," असं माझ्या काकांनी कळंबच्या घरी चहा पिता पिता ठरवून टाकलं. मी वाद घातला नाही, कारण काम नीट झालं की खरंच विशेष काही दिसत नाही. ते बिघडलं तरी बनवणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. माणूस फोन बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "आपल्याला नाय जमत यातलं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

खालापूरच्या बाजूला, लोधिवलीच्या पुढे डोळ्यांचं एक धर्मादाय हॉस्पिटल आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथे फुकट होतं. त्यांनी ऑपरेशनच्या तारखा वेबसाइटवरून द्यायला सुरुवात केली आणि ती लोकांना सोपी करून द्या म्हणून मला बोलावलं. मी कर्जतला घरूनच काम करते, त्यामुळे जवळची पडले असेन. वेबसाइट मात्र आधीच तयार होती. घर बांधून झाल्यावर दार कुठे ठेवायचं ते विचारायला बोलवावं, तशातली गत. उघडल्याबरोबर पहिलं काय दिसलं, तर पुसट पुसट बारीक चित्रांचा एक चौकोन आणि त्यावर सूचना, ज्या चित्रांत सिग्नल आहे ती निवडा. हे मोतीबिंदूच्या रुग्णांना. मी ट्रस्टच्या सचिवांना विचारलं, ज्याला हे दिसेल तो तुमच्याकडे कशाला येईल? ते शांतपणे म्हणाले, "सुरक्षेसाठी आहे, मॅडम." तो चौकोन काढायला लावण्यात माझा महिना गेला.

दुसरा अडथळा मला उशिरा कळला, तोही कशेळ्याला गेले तेव्हा. कशेळ्याच्या नाक्यावर एका चाचीचं दुकान आहे. बांगड्या, रिबिनी, पिना, फोनचा रिचार्ज, आणि आत मशीनवर साड्यांना फॉल-पिको. शाळेत असल्यापासून माझ्या बांगड्या तिच्याकडच्या. वरच्या वाड्यांवरची माणसं बाजाराला उतरली की पिशव्या तिच्याकडे ठेवतात, आणि कुणी फोन नंबर मागितला की तिचाच देतात. रेशनवाल्याला, दवाखान्यात, पोराच्या शाळेत, सगळीकडे चाचीचा नंबर. घरचा फोन कुणा मुलाच्या खिशात खोपोलीच्या कंपनीत गेलेला असतो, नाहीतर वाडीवर रेंज नसते. चाचीचा फोन कायम लागतो. निरोप आला की ती जीपवाल्याला सांगते आणि संध्याकाळपर्यंत तो वाडीवर पोचतो. यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही, मलाही वाटत नाही.

वेबसाइटला वाटत होतं. एका मोबाईलवर एकच रुग्ण, असा तिथे नियम होता. एकाचं ऑपरेशन होऊन त्याचं सगळं मिटेपर्यंत त्या नंबरवर दुसऱ्याला तारीख मिळायची नाही. त्यामुळे चाचीच्या दुकानात नवीनच रांग लागली होती. माणसं यायची आणि विचारायची, चाची, फोन मोकळा झाला का?

त्या दिवशी मी दुकानात बसले होते. चाची बिल माझ्यापुढे धरून म्हणाली, "वाच गं जरा, मला नाय दिसत." तिचा डावा डोळा लहानपणी काटा लागून गेलेला, ते सगळ्या गावाला माहीत. आता उजव्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी लवकर करून घ्या म्हणून बजावलं होतं, कारण फार पिकला की काढायला अवघड, आणि तिला दुसरा डोळा नव्हता. हे सगळं तिने मला बांगड्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"मग तारीख घेतली का नाहीस?"

"फोन मोकळा कुटं हाय? आता त्या खालच्या वाडीच्या बाईची हाय. तिच्या आदी तिचा दीर व्हता."

मी तिचा फोन घेऊन बघितलं. तिच्यासाठी तारीख घ्यायला गेलं की एक खिडकी उघडायची. या क्रमांकावर आधीच रुग्ण आहे, आधीच्या रुग्णाची नोंदणी रद्द करायची? हो किंवा नाही. मी विचारलं, हे तुला कधी दिसलं होतं का? ती म्हणाली, दिसलं ना, पोरीकडनं वाचून घेतलं, दर वेळेला नाय करते.

"त्या बाईला काडू आनि मी बसू? ती शेतात जाती गं. मी दुकानात बसून असते."

मला तिचा राग आला, आणि ती खिडकी लिहिणाऱ्याचा त्याहून जास्त. पुण्यातल्या कुठल्यातरी एसी खोलीत बसून त्याने एका बाईला शेजारणीचं नाव खोडायला सांगितलं होतं, आणि ते करताना त्याच्या चहाचा घोटही अडला नसेल.

सचिवांपुढे मी हे मांडलं. ते म्हणाले, "यावर आजवर एकही तक्रार आलेली नाही." मी म्हटलं, साहेब, तक्रारीचं बटण नोंदणी झाल्यावर दिसतं. ज्याची नोंदणीच होत नाही तो तक्रार कुठून करणार? त्यांनी मान डोलवली आणि सुचवलं की त्या बाईंनी आणखी एक सिम घ्यावं. घेतलं. मी स्वतः तिला कर्जतहून आणून दिलं आणि बजावलं की हा नंबर कुणालाही सांगायचा नाही. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत त्या नंबरवर वाडीवरच्या एका म्हाताऱ्या बाबांची तारीख पडली होती. "त्यानं इचारलं, नवा नंबर हाय का म्हनून," चाची म्हणाली. "खोटं कसं बोलू?"

मी कपाळाला हात लावला आणि पुन्हा बैठकीला गेले. एका मोबाईलवर कितीही रुग्ण चालले पाहिजेत, एवढीच मागणी. परवानगी मिळेस्तोवर पाऊस संपून भातं कापून झाली. परवानगी मिळाल्यावर प्रोग्रामरने ते एका दुपारी करून टाकलं. चाचीची तारीख मी माझ्या हाताने घेतली, तिच्या जुन्या नंबरवर. नव्यावरचे बाबाही आता त्याच जुन्या नंबरवर आणले, म्हणजे तिला एकच फोन सांभाळायला लागेल. हॉस्पिटलने पुढे ढकललेली बाबांची तारीख तिच्यानंतर महिन्याने होती.

मग मी म्हटलं, आता मेसेजमध्ये रुग्णाचं नाव घाला, एका फोनवर बरीच माणसं आहेत. सचिव म्हणाले, नाव ही खाजगी बाब आहे. मी म्हटलं, मग ज्याची तारीख त्याला कळणार कसं? "ज्याचं त्याला माहीत असतंच की, मॅडम. पुढच्या टप्प्यात बघू." या पुढच्या टप्प्याइतका माझ्या धंद्यात दुसऱ्या कशाचा मला वैताग नाही. मी तारीख कागदावर लिहून चाचीच्या गल्ल्याजवळ चिकटवली आणि तिला तोंडीही सांगितली.

तो दिवस उजाडला तेव्हा मी सकाळीच हॉस्पिटलला गेले. चाची कशेळ्याहून येणार, म्हणून मी कर्जतहून. जीप, मग टमटम करत एक माणूस आला. पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, हातात चपला. चाची नाही, बाबा. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं आणि आज तुमची तारीख नाही म्हणाली. बाबा म्हणाले, चाचीचा निरोप व्हता, मेसेज आलाय, उद्या सकाळी डोळा करायला या.

मी चाचीला फोन लावला. ती दुकान उघडून बसली होती. आदल्या दिवशी मेसेज आला, तिने गिऱ्हाइकाकडून वाचून घेतला. आपल्या शस्त्रक्रियेची वेळ उद्या सकाळी, एवढंच त्यात होतं. बाबांचीच असणार म्हणून तिने जीपवाल्याकडे निरोप दिला.

"चाची, ती तुझी होती. मी तारीख लिहून चिकटवली होती ना?"

"मला कुटं दिसतंय ते, गं."

मी ओरडले. "तोंडानं पण सांगितलं होतं तुला. आपली असेल असं एकदा तरी वाटलं नाही?"

"नाय वाटलं," ती म्हणाली. "माजा कदी मेसेज येतो? लोकांचेच येतात." मग म्हणाली, "आता आलाच हाय तर घेतील का त्याला? लांबनं आलाय तो."

कशेळ्याहून ती निघून पोचेपर्यंत त्या दिवसाची ऑपरेशनं संपली असती. बाबांच्या तपासण्या झालेल्या होत्या आणि डॉक्टरांची हरकत नव्हती. इतके महिने मी ज्या बाईसाठी भांडले तिची जागा दुसऱ्याला द्या, हे मीच त्या मुलीला सांगितलं. माझा आवाज चढलेला होता, ती बिचारी घाबरलीच.

"मग बाबांची पुढच्या महिन्याची तारीख हिला द्या."

"तसं बटण नाही, मॅडम." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. चाचीच्या नावापुढे दोनच पर्याय होते, हजर आणि गैरहजर. गैरहजर माणसाला सहा महिने नवी तारीख मिळत नाही, असं खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं. काउंटरवरच्या फोनवरून सचिवांना फोन लावला, ते बैठकीत होते. डॉक्टर आतून हाक मारत होते आणि ती नोंद पूर्ण केल्याशिवाय पुढचा रुग्ण आत घेता येत नव्हता. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि गैरहजर दाबलं. नर्स बाबांना हाताला धरून आत घेऊन गेली.

माझ्या हातातला चाचीचा फोन अजून चालूच होता.

"घेतला का गं त्याला?"

"घेतला."

"बरं झालं. पट्टी बांदतील, मग जीपपर्यंत सोड त्याला. आनि माजी तारीख आता कदीची बगितलीस?"

बघते, म्हटलं, आणि फोन ठेवला.